उग्लियानचे बोरिच : एका क्रोएशियन घराण्याचें देशांतर

एखाद्या घराण्यानें देशांतर केलें असें म्हटलें म्हणजे एक माणूस बोटींत बसला व परमुलखांत उतरला, एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें येतें. वस्तुतः हें काम एका माणसाच्या आयुष्यांत पुरें होत नाहीं. माणूस पोंचतो, परंतु त्याची भाषा, त्याचे सोयरसंबंध आणि त्याचें नांव हीं नव्या भूमींत रुळावयास आणखी दोन-तीन पिढ्या लागतात. क्रोएशियाच्या उग्लियान बेटांतून दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकास गेलेल्या बोरिच घराण्याच्या कथेवरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

उग्लियान हें आद्रियातिक समुद्रांतील, झादर शहरासमोरचें लहानसें बेट. ऑलिव्हचीं झाडें, द्राक्षमळे आणि मासेमारी यांवर तेथील लोकांची गुजराण चाले. एकोणिसाव्या शतकांत हा सर्व दाल्मातिया प्रांत ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होता. फ्रान्समधील द्राक्षवेली फायलोक्झेरा नांवाच्या किडीनें मारल्या, तेव्हां दाल्मातियाच्या मद्यास कांहीं वर्षें सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्यांनीं डोंगरउतारही खणून मळे लावले. पण फ्रान्सचे मळे पुन्हां उभे राहिले; १८९१ च्या करारानें इटलीचें स्वस्त मद्य ऑस्ट्रियाच्या बाजारांत आलें; आणि १८९४ सालीं तीच कीड दाल्मातियांत शिरली. आगबोटींपुढें शिडांच्या जहाजांचा धंदाही बसला. शिवाय तरुणांच्या मागें सक्तीच्या लष्करी नोकरीचा धाक होताच. अशा स्थितींत बेटाबेटांतून माणसें बाहेर पडूं लागलीं.

पुष्कळ जण चिली देशाकडे वळले. मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर पुंता आरेनास नांवाचें बंदर आहे. पलीकडच्या तिएर्रा देल फुएगो बेटांत सोनें सांपडल्याची वार्ता १८८० नंतरच्या दशकांत पसरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इवे बोरिच हा उग्लियानचा तरुण या बंदरांत पोंचला. तेथें ऑलिव्हचें झाड नाहीं. आहे तो बोचरा वारा, मेंढ्यांचीं कुरणें आणि थंडी. सोनें फार थोड्यांना लाभलें. बाकीच्यांनीं मेंढपाळी, दुकानदारी, नावाडीपणा असे उद्योग धरले व ते तेथेंच राहिले. १९१४ सालीं पनामाचा कालवा उघडला आणि या बंदरावरून जाणारीं जहाजें कमी झालीं, तरीही तीं घरें हललीं नाहींत.

यापुढील इतिहास आडनांवांतच वाचावयास सांपडतो. स्पॅनिश रिवाजाप्रमाणें प्रत्येक मनुष्य बापाचें आडनांव आधीं व आईचें मागाहून, अशीं दोन आडनांवें लावतो. त्यामुळें घरांत कोणाची लेक सून म्हणून आली, हें पुढच्या पिढीच्या नांवावरून कळतें. इवेच्या मुलांच्या पिढीचें नांव बोरिच क्र्नोशिया. म्हणजे सूनही क्रोएशियन आडनांवाची. हींच दोन आडनांवें लावणारे व्लादिमिरो बोरिच हे पुंता आरेनासचे पहिले बिशप झाले. त्यापुढची पिढी बोरिच स्कार्पा, आणि चवथी बोरिच फोंत. यांतील फोंत हें स्पेनमधील कातालान लोकांचें आडनांव होय. सोयरीक प्रथम आपल्याच लोकांत होई, मग हळूहळू सर्व देश आपला झाला. या चवथ्या पिढीतील गाब्रिएल बोरिच फोंत यांनीं ११ मार्च २०२२ रोजीं चिलीच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यांचें वय तेव्हां ३६ वर्षांचें होतें. इतका तरुण अध्यक्ष त्या देशांत पूर्वीं झाला नव्हता.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोंकास, उत्तरेकडील वाळवंटांत, सोऱ्याच्या व्यापारानें आंतोफागास्ता हें शहर वाढलें होतें. ब्राच बेटांतून पोलिकार्पो लुक्शिच तेथें गेले. त्यांचे चिरंजीव आंद्रोनिको यांचा जन्म १९२६ सालीं तेथेंच झाला. पुढें तांब्याच्या खाणींच्या बळावर हें घराणें चिलींतील बड्या धनिकांत गणलें जाऊं लागलें. एक घराणें राजकारणांत चढलें, दुसरें व्यापारांत. पण दोघांचीही पहिली शिदोरी म्हणजे बेटावरचें तें आडनांवच.

या आडनांवांतील एक बारकावा फार बोलका आहे. क्रोएशियन लिपींत शेवटच्या अक्षरावर एक लहानशी रेघ असते, म्हणून त्याचा उच्चार ‘च’ होतो. चिलींत ती रेघ लिहीत नाहींत. स्पॅनिश वाचनाच्या नियमानें तें अक्षर ‘क’ होऊन ‘बोरिक’ असा उच्चार व्हावयास हवा. परंतु चिलींतील लोक आजही ‘बोरिच’ असेंच म्हणतात. अशा बहुतेक घरांत तिसऱ्या पिढीपर्यंत क्रोएशियन भाषा मागें पडली. पण तिच्यांतील हा एक उच्चार मात्र टिकला. रेघ कागदावरून पुसली गेली, ती तोंडांत राहिली.

देशाच्या नांवाचें तसें झालें नाहीं. पहिले लोक उतरले ते ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून. चिलींत त्यांस ऑस्ट्रियनच म्हणत. १९१८ नंतर त्यांची जन्मभूमि सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन लोकांच्या राज्यांत गेली. १९२९ सालीं त्या राज्याचें नांव युगोस्लाव्हिया झालें. आणि १९९१ सालीं क्रोएशिया स्वतंत्र झाला. बेट जागचें हललें नाहीं, पण त्याच घरांतील आजा, बाप व नातू यांच्या कागदांवर निरनिराळे देश आले.

ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. १ जानेवारी २०२० पासून क्रोएशियानें देशांतर केलेल्यांच्या वंशजांसाठीं नागरिकत्वाचा कायदा सैल केला. पिढ्यांची मर्यादा आणि भाषेची परीक्षा या दोन्ही अटी त्यांच्यापुरत्या काढून टाकल्या. मूळ पुरुष क्रोएशियाच्या भूमींतूनच गेला, हा पुरावा मात्र द्यावा लागतो. येथें अडचण उभी राहते. चिलीच्या दप्तरांत पणजोबा ‘हुआन’ असतो व त्याचा देश ऑस्ट्रिया; बेटावरच्या चर्चच्या वहींत तोच ‘इवे’ असतो. झादरजवळच्या बेटांतील कांहीं जुन्या वह्या तर ग्लागोलिती या प्राचीन स्लाव्ह लिपींत आहेत. त्यांत एकाच गांवांत एकाच आडनांवाचीं अनेक घरें. तीं ओळखावयाचीं घरोघरच्या टोपणनांवांवरून.

तेव्हां नातवाला केवळ राष्ट्राचें नांव ठाऊक असून भागत नाहीं. बेट कोणतें, गांव कोणतें, घराला काय म्हणत, हें आजी बोलतां बोलतां सांगते. तें ज्या घरांत कोणीं लिहून ठेविलें, त्या घराला पणजोबांचें दार सांपडतें. जेथें तें लिहिलें गेलें नाहीं, तेथें शेवटीं आडनांवांतील एक ‘च’ तेवढा हातीं राहतो.