दिनविशेषातून निसटलेली २२ जानेवारी

१८ ऑगस्ट जवळ आला की दिनविशेषाच्या सदरांत विजयदुर्ग आणि हेलियमची जोडी हमखास येते. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरनं त्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होता आणि सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्यानं तिथूनच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबरला पाहिला. ग्रहणाच्या दिवशी भारतात दुर्बिणी लावून बसले होते ते गुंटूरला जान्सन, मछलीपट्टणला पॉगसन आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल. लॉकयर विजयदुर्गावर आला तो तब्बल तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची अशी सरमिसळ झाली आणि त्यात ही दुसरी तारीख हरवून गेली. इंदापूर-करमाळा परिसराची खरी वैज्ञानिक तारीख तीच आहे.

त्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाकडून ईशान्येला सरकत भीमाकाठावरून पुढे विदर्भात गेली. इंदापूर सावलीच्या मध्यरेषेच्या अगदी जवळ होतं. तिथून पश्चिमेला बारामतीकडे जावं तसं हे अंतर वाढत जातं. निरीक्षणाचे तळ पडले ते इंदापूरपासून थोड्याच अंतरावरच्या जेऊरला. जानेवारीत दुष्काळी पट्ट्यातलं आभाळ निरभ्र असतं आणि अवजड पेट्या उतरवायला रेल्वे स्टेशन जवळच होतं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आपली मोहीम घेऊन आले. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची.

या दोन मिनिटांचं मोल कळायला सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटातल्या हिरव्या रेषेकडे पाहावं लागतं. १८६९ पासून तिची तरंगलांबी सुमारे ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती. ही रेषा ‘कोरोनियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची, असा बोलबाला होता. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला की मोजणीदार कितीही काटेकोर असो, तो दुसऱ्याच्याच बांधावर उभा राहतो. भौतिकशास्त्रज्ञांचं तसंच झालं होतं. १८९८ च्या ग्रहणातल्या मोजमापांनी हा नंबर दुरुस्त केला. जेऊरच्या वर्णपटावरून कॅम्पबेलनं ५३०.३ काढले. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी, पण तो दुरुस्त झाल्यामुळेच १९४० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ बेंट एडलेनला ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची असल्याचं सिद्ध करता आलं. कोरोनियम निकालात निघालं. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा-वीस लाख अंश तापमान लागतं, म्हणजे प्रभामंडळ सूर्याच्या पृष्ठभागाच्या शेकडो पट तापलेलं आहे. इतकं का, हे कोडं आजही पुरतं सुटलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, हा शोध नव्हे, दुरुस्ती आहे. दुरुस्तीचा कसला दिवस साजरा करायचा? पण विज्ञानाची मजल बरीचशी अशा दुरुस्त्यांवरच उभी असते. हेलियमचाही शोध एका दिवसाचा नाही. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ उजाडावं लागलं. जेऊर तर सोलापूर जिल्ह्यात, मग पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा त्याच्याशी काय संबंध, असाही आक्षेप येईल. सावलीला तालुक्याच्या हद्दी नसतात, आणि मोहिमेतलं भारतीय नेतृत्व पुण्याचंच होतं. मोठा आक्षेप असा, की मोजमाप कॅम्पबेलचं, मग नायगमवालांचा गौरव कशासाठी? तो यासाठी, की भावनगरच्या महाराजांच्या आश्रयानं पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत त्यांनी वीस इंची दुर्बीण चालवली, जेऊरला जगातल्या अव्वल पथकाच्या बरोबरीनं वेध घेतले आणि १९०२ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल छापला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. त्याच कोडाईकनालचा वारसा सांगणाऱ्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं ‘आदित्य-एल१’ या सौर यानावरचा प्रभामंडळ टिपणारा दर्शक घडवला आणि तो ज्या रेषा पाहतो त्यांत ५३०.३ ची हिरवी रेषा आहे.

तेव्हा विजयदुर्गावरचा हेलियम दिवस खुशाल साजरा व्हावा, फक्त लॉकयरची तारीख दुरुस्त करून. आणि इंदापूर, भिगवण, बारामतीच्या शाळांनी २२ जानेवारीला फळ्यावर नायगमवाला आणि जेऊर ही दोन नावं लिहावीत. आपल्या परिसरात काय मोजलं गेलं, हे मुलांना सांगायला त्याहून योग्य दिवस नाही.