जुने घर घेताय? आधी भिंतीची नाडी पाहा

गेल्या श्रावणातली गोष्ट. एक शिक्षक पती-पत्नी सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला महिनाभर खोकला. रात्री दोन-अडीचला उठून बसायचा, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या होत्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कोणी विडी ओढते का? नाही. चूल आहे का? नाही, गॅस आहे. मग विचारले, "हा झोपतो कुठे?" आई म्हणाली, "डॉक्टर, आम्ही उन्हाळ्यात जुन्नरला पेठेत जुनं घर घेतलं. मागच्या खोलीत झोपतो."

पुढची हकीगत अनेकांच्या ओळखीची असेल. पतसंस्थेचे कर्ज काढून घर घेतले. उरलेल्या पैशांत ग्रॅनाइटचा ओटा, बैठकीत चकचकीत फरशी, आणि मागच्या खोलीच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट. कौले चाळायला पैसे उरले नाहीत. पहिल्याच पावसात भिंतीला फुगे आले, कपाटामागे काळी बुरशी धरली आणि मुलाचा दमा जागा झाला.

आज जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचरसारख्या गावांत नवे बांधकाम अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. जुने घर घेणे हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. परंतु कागदपत्रे आपण वकिलाला दाखवतो, तशी भिंतही कोणा जाणत्या गवंड्याला दाखवायला हवी.

मातीची भिंत श्वास घेते

आपल्याकडची जुनी घरे म्हणजे दगडी जोते, त्यावर जाड मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती आणि कौलारू छप्पर. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पण माती-चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळते. सिमेंट आणि ऑइलपेंट लावले की ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, वर चढते, आणि बुरशीला आयते घर मिळते. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासात गेले की शिंका, खोकला आणि ज्याला मुळात दमा आहे त्याला धाप लागते. लहान मुले व वृद्ध यांना हा त्रास अधिक.

म्हणून मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेदीच बरी. ती स्वस्त पडते आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

घर पाहायला पावसात जा

वैशाखात सगळीच घरे कोरडी दिसतात. जमल्यास आषाढ-श्रावणात घर पाहा. दार उघडताच कुबट वास येतो का? जमिनीपासून दोन हातांपर्यंत भिंतीवर पोपडे किंवा पांढरे क्षार आहेत का? शंका असल्यास प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर दोष कोंदट हवेचा, म्हणजे खिडकीचा. तुळया आणि वासे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी समजा.

पश्चिम पट्ट्यात, डोंगरउतारावर घर घेणाऱ्यांनी घराच्या वरचा उतारही पाहावा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली, हे आपण विसरू शकत नाही. उताराला नव्या भेगा, कललेली झाडे, अचानक फुटलेले गढूळ झरे दिसले तर स्वस्तातले घरही नको.

पैसा थोडा असेल तर

खर्चाचा क्रम असा ठेवावा. पहिले छप्पर: कौले चाळून फुटकी बदलावीत. दुसरे पाणी: पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणारा चर काढावा, मागच्या भिंतीला टेकलेली माती उपसावी. तिसरे वीज: जुनी वायर बदलून अर्थिंग करावे आणि करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवावा. ओलसर भिंतीतला करंट जीव घेतो. चौथे संडास-मोरी. आपल्या भागात बिबट्याचा वावर असल्याने परसातला लांबचा संडास रात्री धोक्याचा. तो घराला लागून असावा. पाचवे, प्रत्येक झोपायच्या खोलीला समोरासमोर हवा खेळेल अशी खिडकी. फरशी, ओटा आणि रंग सर्वांत शेवटी. ते पुढच्या वर्षीही होतील.

मोडतोड करताना

जुने घर उकलताना वर्षानुवर्षांची धूळ, उंदीर-वटवाघळांची विष्ठा उडते. आधी पाणी शिंपडावे, नाकाला चांगला मास्क लावावा, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्या देशात २०१७ साली लागू झाली. त्याआधीचा रंग संशयितच धरावा. सिमेंटचे जुने पत्रे अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते करवतीने कापू नयेत, फोडू नयेत; ओले करून अखंड उतरवावेत. काम चालू असताना गरोदर स्त्रिया व लहान मुले नातेवाइकांकडे ठेवलेली बरी.

दगडी जोत्याच्या फटींत, पडक्या भिंतीत आणि रचलेल्या कौलांत साप-विंचू असतात. फटी बुजवाव्यात, उंदरांची बिळे बंद करावीत. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी मोठे काम केले आहे. वेळेत आलेला रुग्ण वाचू शकतो. विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा त्यातही घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

जुने हौद-रांजण उघडे ठेवू नयेत. आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करावेत, म्हणजे डेंग्यूचा डास वाढणार नाही.

त्या शिक्षक कुटुंबाला मी औषध लिहून दिले, आणि मुलाला त्याच रात्रीपासून बैठकीत झोपवा म्हणून सांगितले. दिवाळीनंतर त्यांनी कौले चाळली, मागच्या भिंतीचा सिमेंट-गिलावा खरवडून चुन्याचा केला, चर काढला. दमा मुळापासून गेला असे मी म्हणणार नाही. पंप अजून दप्तरात असतो. पण या पावसाळ्यात तो एकदाही मध्यरात्री उठून बसला नाही. आई म्हणाली, "डॉक्टर, ओट्याऐवजी आधी कौलंच चाळली असती तर?"

वाचकहो, घर घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा.