मालगुडी : पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे गाव

शिमोग्याहून ताळगुप्पाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अरसाळू नावाचे एक छोटे स्थानक आहे. तिथल्या जुन्या इमारतीत २०२० साली एक संग्रहालय उघडले. ते कुठल्या राजाचे, लढाईचे किंवा संताचे नाही. ज्या गावाला कधी ग्रामपंचायत नव्हती, ज्याचा सात-बारा कुठल्या तलाठ्याकडे सापडणार नाही, अशा गावाचे ते संग्रहालय आहे. गावाचे नाव मालगुडी. ‘मालगुडी डेज’ या दूरदर्शन मालिकेतली स्थानकाची दृश्ये इथे चित्रित झाली होती. कल्पनेतल्या गावासाठी खऱ्या रेल्वेने खरी इमारत राखून ठेवावी, ही गोष्ट जगात फार ठिकाणी घडलेली नसेल.

या गावाचा जन्मही स्थानकापासूनच झाला. १९३० साली आर. के. नारायण यांनी आजीने काढून दिलेल्या शुभमुहूर्तावर एक वही आणली आणि कादंबरी लिहायला घेतली. काय लिहावे ते सुचत नव्हते. अशा वेळी एक लहानसे रेल्वे स्थानक डोळ्यांसमोर आले आणि त्यावर मालगुडी हे नाव होते, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ती कादंबरी म्हणजे ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. प्रकाशकांकडून हस्तलिखित वारंवार परत आले, तेव्हा नारायण यांनी इंग्लंडमधल्या मित्राला ते थेम्स नदीत बुडवून टाकायला कळवले. मित्राने ते बुडवले नाही, लेखक ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांनी प्रकाशक मिळवून दिला आणि १९३५ मध्ये पुस्तक आले. पुढे नारायण जवळजवळ आयुष्यभर याच गावाविषयी लिहीत राहिले. सरयू नदी, मेंपीचे जंगल, लॉली रोड, कबीर स्ट्रीट, आल्बर्ट मिशन शाळा अशी या गावाची एकेक खूण पक्की होत गेली.

छोट्या पडद्यावर हे गाव १९८६ मध्ये आले. निर्माते टी. एस. नरसिंहन, दिग्दर्शक शंकर नाग. शंकर नाग यांचा जन्म १९५४ चा, होन्नावरच्या परिसरातल्या कोंकणी घरातला. कर्नाटकात ते लोकप्रिय नट म्हणून ओळखले जात, पण त्यांची जडणघडण मुंबईत मराठी नाटकांच्या तालमींत झाली होती. चाफेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता, आणि त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांचा मराठी रंगभूमीशी असलेला संबंध तर जुनाच. ‘मालगुडी डेज’मधली माणसे बोलताना जो थोडा थांबा घेतात, समोरच्याचे पुरते ऐकून मग उत्तर देतात, तो मला नाटकातल्या तालमीचा संस्कार वाटतो. दूरचित्रवाणीवर असे ऐकणारे नट दुर्मीळच.

शीर्षकाच्या वेळी दिसणारी रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. महाराष्ट्राला त्यांची ओळख करून द्यायला नको. त्यांच्या कारकिर्दीची बहुतेक वर्षे मुंबईत गेली आणि अखेरची पुण्यात. संगीत एल. वैद्यनाथन यांचे. त्यांनी केलेली ती शब्दांवाचूनची, नुसत्या अक्षरांवर गुणगुणलेली धून सुरू झाली की चाळिशी-पन्नाशीतली माणसे हातातले काम थांबवतात. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधल्या स्वामीची भूमिका मास्टर मंजुनाथ याने केली. पुढे १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये मांडव्याचा लहानगा विजय झाला तो हाच मुलगा. स्वामीचे वडील गिरीश कार्नाड, आई वैशाली कासरवळ्ळी.

चित्रीकरणाचे मुख्य ठिकाण होते आगुंबे, शिमोगा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यातले घाटमाथ्यावरचे गाव. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भोवती सदाहरित जंगल, नागराजाची वस्ती. स्वामीचे घर म्हणून जे दिसते ते तिथले ‘दोड्ड मने’ नावाचे जुने चौकाचे घर आहे, लाकडी खांबांचे आणि कौलारू छपराचे. खरे तर नारायण यांचे मालगुडी असे नाही. ते मैदानी मुलखातले गाव आहे. तिथली नदी उन्हाळ्यात आटते आणि माणसे संध्याकाळी वाळूत गप्पा मारत बसतात. शंकर नाग यांनी ते गाव उचलून मलनाडच्या ओल्या हिरव्या मुलखात नेऊन ठेवले. पुस्तकाशी ही प्रतारणा झाली असे कोणी म्हणू शकेल. मला तो या मालिकेचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो. कोकणातल्या किंवा घाटाखालच्या मराठी माणसाला ते चिऱ्यांवरचे शेवाळ, ती ओटी, ते चौकात उतरणारे पाणी परके वाटतच नाही. मालिका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहणारा प्रेक्षक निम्मा वेळ हे घरच पाहत असतो.

आता मूळ प्रश्न. या मालिकेने मनाला इतका विसावा का मिळावा? ती गोड आहे म्हणून, हे उत्तर चटकन सुचते आणि ते चुकीचे आहे. गोष्टी एकेक आठवून पाहा. ‘लीलाज फ्रेंड’मध्ये सिद्दा नावाच्या घरगड्यावर मुलीची सोन्याची साखळी चोरल्याचा आळ येतो आणि पोलीस त्याला धरून नेतात. साखळी पुढे चिंचेच्या भांड्यात सापडते, पण घरातल्या मोठ्यांना त्याची फारशी खंत वाटत नाही. ‘फॉर्टी-फाइव्ह अ मंथ’मधला कारकून वेंकट राव मुलीला सिनेमाला न्यायचे कबूल करतो, कचेरीतून सुटका होत नाही, पगारात पाच रुपयांची वाढ पदरात पडते आणि घरी येतो तेव्हा मुलगी वाट पाहून झोपलेली असते. मालिकेत हा वेंकट राव विष्णुवर्धन यांनी उभा केला. ‘मिसिंग मेल’मधला पोस्टमन तनप्पा एका घरचे लग्न पार पडावे म्हणून मृत्यूची तार दडवून ठेवतो. त्याने केले ते बरोबर की चूक, हे गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाही. खुद्द स्वामीची कादंबरीसुद्धा ताटातुटीने संपते. रुसलेला मित्र राजम गाव सोडून जातो, स्वामी त्याला अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक द्यायला स्थानकावर धावतो, आणि गाडी निघून गेल्यावर राजमचा रुसवा गेला की नाही हे त्याला कळत नाही.

म्हणजे दुःख आहे, अन्याय आहे, गरिबी तर पदोपदी आहे. विसावा मिळतो तो यामुळे की दुसऱ्यांदा पाहताना त्या दुःखाचे माप आपल्याला आधीच ठाऊक असते. ते किती वाढेल, कुठे थांबेल, हे माहीत असते. आणि ते थांबते तेव्हा गाव जागेवर असते. पुढच्या भागात दुसरे कोणी त्याच रस्त्याने चालत येते. रोजच्या आयुष्यात दुःखाचे माप आधी कधीच मिळत नाही. पहिल्या खेपेला प्रेक्षक गोष्टीच्या मागे धावतो, नंतरच्या खेपांना तो गावात राहायला जातो.

या अनुभवाला संशोधनाचाही थोडा आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये वाचकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला होता. शेवट माहीत असलेल्यांना कथा कमी नव्हे, उलट अधिक आवडल्या. जे डेरिक यांच्या अभ्यासात असे दिसले की मनावर ताण देणारे काम केल्यावर माणसे ओळखीच्या काल्पनिक जगाकडे वळतात आणि तिथून थोडी ताजीतवानी होऊन परततात. टीव्हीवर जे लागेल ते पाहण्याने मात्र तसे घडले नाही. मनाची शक्ती खर्च होते आणि पुन्हा भरते, या ज्या कल्पनेवर हा अभ्यास उभा होता तिच्यावर पुढे बरेच वाद झाले, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. रसेल आणि लेव्ही यांनी २०१२ मध्ये, तीच पुस्तके वाचणाऱ्या, तेच चित्रपट पाहणाऱ्या लोकांशी बोलून काढलेला निष्कर्ष मला अधिक पटतो. अशी माणसे केवळ भूतकाळात रमत नाहीत, तर मधल्या काळात आपण किती बदललो हे ताडून पाहतात.

आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. उत्तररंगात बुवांनी आख्यान लावले की त्याचा शेवट श्रोत्याला लहानपणापासून पाठ असतो, तरी डोळे भरायचे तिथे भरतात. उत्कंठा हा कथेचा एक रस आहे, एकमेव नव्हे. दूरचित्रवाणीने मात्र दर भागाच्या शेवटी प्रेक्षकाला टांगून ठेवायची सवय लावून घेतली. मालगुडीच्या बहुतेक गोष्टी एका बैठकीत संपतात, आणि त्यात कोणी कोणाविरुद्ध कट करत नाही. चोर येतो तोही बिचारा घाबरलेला असतो.

शंकर नाग यांनी एकूण ३९ भाग केले. सुरुवातीचे तेरा भाग हिंदीबरोबर इंग्रजीतही झाले. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते छत्तिशीतही पोहोचले नव्हते. २००६ मध्ये कविता लंकेश यांनी आणखी पंधरा भाग केले. ते निष्ठेने केलेले आहेत, पण लोक परत जातात ते जुन्या ३९ भागांकडेच.

प्रथमच पाहणाऱ्याने ‘हीरो’पासून सुरुवात करावी. आजीजवळ झोपणाऱ्या मुलाला धाडसी करण्यासाठी वडील त्याला कचेरीच्या खोलीत एकट्याने झोपायला लावतात, आणि भीतीने अर्धमेला झालेला स्वामी नेमका चोराच्या पायाला कडकडून चावतो. एकदा मुलाकडे पाहत पाहावी, दुसऱ्यांदा कार्नाडांच्या बापाकडे पाहत. मग ‘मिसिंग मेल’ घ्यावी. ‘लीलाज फ्रेंड’ मुलांबरोबर पाहायची असेल तर सुट्टीच्या दिवशी पाहावी. सिद्दाचे पुढे काय झाले, त्याची माफी कोणी मागितली का, असे प्रश्न येतात, आणि त्यांवर बोलायला हाताशी वेळ लागतो.