अक्षरांनी चित्र काढू या : फोटो समोर ठेवा, नोटपॅड उघडा

"सर, मला ड्रॉइंग येतच नाही," असं सातवीतली एक मुलगी नेहमी म्हणायची. एक दिवस तिला चहाच्या किटलीचा फोटो दिला आणि सांगितलं, पेन्सिल नको, कीबोर्डनं काढ. सुट्टीत घरी मुलांना हे जरूर करायला द्या. इंटरनेट लागत नाही, खर्चही नाही.

ही कला जुनी आहे. टाइपरायटरवर लोक चित्रं काढत होतेच. मुंबईचे चंद्रकांत भिडे त्यासाठीच ओळखले जातात. 1966 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन नॉल्टन आणि लिऑन हार्मन यांनी फोटोतल्या गडद-फिकट भागांच्या जागी छोटी चिन्हं बसवून कॉम्प्युटरवर मोठं चित्र तयार केलं. आपणही तेच करायचं, फक्त हातानं.

फोटो साधा निवडा. एकच वस्तू, मागे मोकळी जागा, उजेड एका बाजूनं. गर्दीचा फोटो घेतला की मुलं कंटाळतात.

फोटोवर चौकटी आखा. इथे बहुतेकांची चूक होते. टाइप केलेलं अक्षर रुंदीपेक्षा जवळपास दुप्पट उंच असतं. म्हणून चौरस फोटोला आडव्या 40 चौकटी केल्या, तर उभ्या 20च करा. नाहीतर किटलीची सुरई होते!

आता प्रत्येक चौकट किती काळी आहे ते बघा आणि तसं चिन्ह टाका. फिकटापासून गडदापर्यंतचा क्रम असा :

. : - = + * # @

अगदी पांढऱ्या जागी स्पेस. स्क्रीन काळी असेल तर हाच क्रम उलटा.

शेवटी कडा नीट करा. तिरक्या कडेला / किंवा \, उभीला |, गोलाईला ( आणि ). आडव्या रेषेतही फरक आहे : _ खाली बसतं, - मधे, ' वर. हलका उतार यांनीच दाखवता येतो.

फॉन्ट मात्र सारख्या रुंदीचा हवा, उदाहरणार्थ कुरियर न्यू. मराठी-उर्दू अक्षरांनी हे जमत नाही, कारण त्यांची रुंदी कमी-जास्त असते आणि उर्दूत तर अक्षरं एकमेकांना जोडली जातात. व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्राच्या आधी आणि नंतर तीन-तीन ` चिन्हं टाका, म्हणजे रांगा हलत नाहीत. मोबाइलसाठी रुंदी 20-25 चिन्हांचीच ठेवा, जास्त झाली तर ओळ मोडते.

फोटो टाकला की असं चित्र आपोआप करून देणारे प्रोग्रामही आहेत. पण सुरुवात हातानंच करू द्या. त्या मुलीला दोन तास लागले. नंतर ती म्हणाली, "सर, किटलीची डावी बाजू जास्त काळी आहे, हे मी आधी पाहिलंच नव्हतं."

ड्रॉइंग येण्याआधी बघता यायला लागतं. तिला ते आलं होतं.