गुलाबपाण्यातील शास्त्र

काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. अशा घरच्या मंगलकार्यात अंगावर गुलाबपाणी शिंपडले जाते तेव्हा, वाचकहो, फुलातला सुवास पाण्यात उतरला कसा, असा प्रश्न आपणांस पडतो काय? काशीहून गंगेच्या प्रवाहासवे पुढे गेले की गाजीपूर लागते. १९व्या शतकात ते गुलाबपाण्यासाठी विख्यात होते. पाकळ्या व पाणी देगेत घालून चुलीवर चढवीत आणि निघालेल्या वाफेचे, ती निववून, पुन्हा पाणी करीत.

सुवासाचा एक घटक जो जेरॅनिऑल, तो एकटा उकळण्यास सुमारे २३० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पाणी तर १०० अंशांवरच उकळते! पण वाफ होण्यास उकळावेच लागते असे नाही. घाटावरचे ओले धोतर काय उकळून वाळते? देगेतील प्रत्येक घटक आपापल्या परीने वाफ होत असतो. जेरॅनिऑलचे पाण्याशी फारसे जमत नाही, म्हणून द्रवात त्याचा जेवढा हिस्सा, त्याहून वाफेत तो पुष्कळ मोठा. साहजिकच देगेतला सुवास लवकर सरतो, आणि लोभाने आच लांबविणाऱ्याच्या पदरी अखेर नुसते पाणी पडते. जाणते कारागीर उलट तेच गुलाबपाणी ताज्या पाकळ्यांवर ओतून दुसऱ्यांदा चुलीवर चढवीत.