मशीन वाजतंय, मग माणूस काय करतोय?

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात, बुओना व्हिस्टा स्टेशनाला लागूनच ‘द स्टार’ची वळणदार इमारत आहे. खाली मॉल, वर ५,००० आसनांचं थिएटर. २०१२मध्ये सुरू झालेलं. अशा सभागृहात ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉप बँडचा कार्यक्रम पहिल्यांदाच पाहणाऱ्याला एक शंका हटकून येते. ताल मशीनचा, बेस मशीनचा. मग मंचावरची माणसं वाजवतात काय?

शंका गैर नाही. क्राफ्टवर्कचे चौघं जण आपापल्या टेबलामागे खिळल्यासारखे उभे असतात, आणि एका गाण्याला तर त्यांच्या जागी चक्क यंत्रमानव आणले जात. पेट शॉप बॉइजमधला नील टेनंट पुढे येऊन गातो. ख्रिस लो मात्र टोपी-गॉगल चढवून कीबोर्डमागे ढिम्म.

या शंकेचं उत्तम उत्तर मुंबईच्या एका वादकाने दिलं, आणि त्यासाठी लागणारं यंत्र त्याने सिंगापूरहूनच आणलं होतं. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन) त्यांचाच. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र नवंकोरं होतं, तेव्हाच त्यांनी ते घेतलं. सोबत टीआर-८०८ तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. १९८२मध्ये तबल्याला सुट्टी देऊन त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. पहाटेचा ललत आणि रात्रीचा मालकंस एकाच रेकॉर्डवर! ती फारशी खपली नाही.

३०३चं काम तसं सोपं. सोळा घरं असतात. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, कुठे जोर द्यायचा, कुठे पुढच्या सुरावर घसरत जायचं ते ठरवायचं. मग यंत्र तेच आवर्तन घोळवत बसतं. पण वाजत असताना फिल्टरचं बटण पिळलं, की तोच बोदा आवाज चिरकायला लागतो. रोलँडने हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून काढलं होतं. बेस नकली वाटला आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं. पुढे शिकागोच्या फ्यूचर या गटाने तेच बटण पिळत १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं. अ‍ॅसिड हाउस संगीताचा उगम त्यात मानतात.

त्याआधी पाच वर्षं मुंबईत जवळपास हाच आवाज निघाला होता, हे जगाला कळलं २०१०मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाने ती रेकॉर्ड पुन्हा काढल्यावर. काहींना तर ही बनवाबनवीच वाटली. मग सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात मंचावर उभे राहिले. आवर्तन यंत्राकडे, राग त्यांच्या बोटांत. तबलजी तासभर विलंबित एकताल धरून बसला, तर गवई काय करतोय असं आपण विचारतो का? लिप-सिंकचे, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याचे कार्यक्रमही असतात. त्यांची गोष्ट वेगळी.

सिंग २०१५च्या जुलैमध्ये मुंबईत वारले. परदेशी मंचावरची ही दुसरी कारकीर्द त्यांच्या वाट्याला जेमतेम काही वर्षंच आली.