क्लचची तार जड कां होते?

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचें एदलाबाद, या भागांत कापसाच्या व केळीच्या शेतांमधील वाटांवर काळ्या मातीची बारीक धूळ उडते. पावसाळ्यांत तिचाच चिखल होतो. घरोघरच्या मोटरसायकली ही धूळ व हें पाणी अंगावर घेत धांवतात आणि डाव्या मुठीचा क्लच हळूहळू जड होतो. पुष्कळ लोक बोटें आवळून तसेच दिवस काढतात. परंतु हा जडपणा पुष्कळदां तार तुटण्यापूर्वींची सूचना असते. ती चांगदेवाच्या वाटेवर तुटली तर खोळंबा होईल. भरधांव ट्रकांच्या महामार्गावर तुटली तर प्रसंग जिवावरचा होय. म्हणून या तारेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

ही तार म्हणजे पोलादाच्या बारीक धाग्यांचा पीळ. तो एका लवचीक नळींतून सरकतो. नळी जागीं राहते व आंतील तार ओढली जाते. म्हणून वळणांतूनही हाताचा जोर इंजिनापर्यंत पोंचतो. ही युक्ति आयर्लंडच्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बौडन यांची असून तिचें पहिलें पेटंट १८९६ सालचें आहे. सायकलच्या ब्रेकची तारही याच जातीची. नळींत धूळ शिरली, तेल सुकलें, गंज चढला किंवा नळी मुडपली, कीं घर्षण वाढतें.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें. इंजिन बंद व थंड असतां ताणाचा पेच सैल करून तारेचीं दोन्ही टोंकें सोडवावीं. मुठीजवळची दांडी एकटीच जड फिरत असेल तर तिच्या बोल्टास तेल द्यावें. तार नळींत अडखळत असेल तर दोष तारेचा. दोन्ही मोकळ्या असतील तर दोष इंजिनाकडील समजून मिस्त्रीकडे जावें.

तेल देतांना तार उभी धरावी, वरच्या तोंडाशीं प्लास्टिकचें लहानसें नरसाळें बांधावें आणि पातळ तेलाचे थेंब सोडीत आंतील तार वरखालीं करावी. खालून स्वच्छ तेल येईपर्यंत हें चालवावें. दाट ग्रीस भरूं नये. त्यास धूळ चिकटते. कांहीं नळ्यांस आंतून प्लास्टिकचें अस्तर असतें. त्यांस तेल द्यावें कीं नाहीं, हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें.

तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेलानें भागत नाहीं. नवी तारच घालावी. ती जुनीच्याच मार्गानें न्यावी व हँडल दोहों बाजूंस पूर्ण वळवून ताणली जात नाहीं ना, हें पाहावें. शेवटीं दांडीस पुस्तिकेंत दिलेला मोकळेपणा ठेवावा. तो मुळींच नसेल तर क्लच घसरून प्लेटी जळतात; फाजील असेल तर क्लच पुरता सुटत नाहीं व गियर खडखडतात.

एवढें करूनही वाटेंत तार तुटलीच, तर वेग कमी करून ब्रेक लावीत डाव्या कडेस यावें व स्विचनें इंजिन बंद करावें.

आमच्या विद्यार्थिमित्रांस वाहनाचा परवाना मिळण्यास अवकाश आहे. तथापि घरची गाडी अंगणांत उभी असतां तारेचें टोंक पाहण्यास परवाना लागत नाहीं. तुटका धागा दिसल्यास वडीलमंडळींस त्याच दिवशीं सांगावें.